ओहमच्या नियमाचा शालेय प्रयोग

ओहमच्या नियमाचा प्रयोग माध्यमिक शाळेत तारेचा रोध मोजण्यासाठी करतात. तापमान व इतर भौतिक स्थिती कायम असताना वाहकातून जाणारी विद्युतधारा त्याच्या टोकांमधील विभवांतराच्या समप्रमाणात असते, हा तो नियम. विभवांतर बदलत न्यायचे, दर वेळी धारा मोजायची, दोहोंचा आलेख काढायचा आणि त्याच्या चढावरून रोध काढायचा. विभवांतराला धारेने भागले की काम झाले, असे अनेक वर्गांत मानले जाते. पण या प्रयोगात शिकण्यासारखे सर्वाधिक आहे ते आलेखातच.

गेओर्ग झिमोन ओहम हे जर्मनीतील कोलोन येथे शाळाशिक्षक असताना त्यांनी हे संशोधन केले आणि १८२७ मध्ये ते ग्रंथरूपाने मांडले. त्या काळच्या घटांचे विभवांतर वापर सुरू होताच घसरत असे. म्हणून त्यांनी तांबे व बिस्मथ यांचे तापयुग्म वापरले, म्हणजे दोन धातूंची अशी जोडी जिच्या दोन सांध्यांच्या तापमानातील फरकातून विभवांतर मिळते. एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवल्यावर त्यांना स्थिर विभवांतर मिळाले. घट घसरण्याची तीच अडचण आजही शाळेत येते.

साहित्य. ०.३७६ मिमी व्यासाची (२८ गेज) १ मीटर नायक्रोम (निकेल व क्रोमियमचा मिश्रधातू) तार, १.५ व्होल्टचे दोन कोरडे घट, ०–५०० मिलीअँपिअरचा अँमीटर, ०–३ व्होल्टचा व्होल्टमीटर, सुमारे २० ओहमचा रिओस्टॅट (सरकपट्टीने कमी-जास्त करता येणारा रोध), प्लग की (मंडल जोडण्या-तोडण्याची कळ), जोडतारा आणि पॉलिश पेपर. या तारेचा रोध साधारण १० ओहम येतो, त्यामुळे दोन्ही मीटरचे काटे मोजपट्टीच्या मधल्या भागात फिरतात आणि वाचन सोपे जाते. तेवढ्याच जाडीच्या व लांबीच्या तांब्याच्या तारेचा रोध जेमतेम ०.१५ ओहम असतो. घट तिच्यातून धडाधड रिकामे होतात आणि व्होल्टमीटरचा काटा हलल्यासारखा वाटतच नाही. शिवाय तापल्यावर नायक्रोमचा रोध फारच थोडा बदलतो, तांब्याचा मात्र दर अंशाला सुमारे ०.४ टक्का वाढतो. ‘तापमान कायम’ ही अट नायक्रोममुळे बरीचशी आपोआप पाळली जाते.

जोडणी. घट, प्लग की, रिओस्टॅट, अँमीटर व तार एकसर, म्हणजे एकामागोमाग एक, जोडावी. व्होल्टमीटर सगळ्यात शेवटी, फक्त तारेच्या दोन टोकांना समांतर लावावा. तो घटांच्या टोकांना लावला तर रिओस्टॅटवरचे विभवांतरही त्यात मोजले जाते आणि रोध वाढीव येतो. दोन्ही मीटरचे धन अग्र घटाच्या धन अग्राच्या बाजूला हवे. रिओस्टॅटला तीन अग्रे असतात: खाली दोन, वर एक. खालचे एक आणि वरचे एक घ्यायचे. खालची दोन्ही घेतली तर सरकपट्टी कितीही हलवा, धारा तसूभरही बदलत नाही. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की वाचन बदलत नसल्यास आधी तिथेच पाहावे. सुरुवातीला रिओस्टॅट कमाल रोधावर ठेवावा, म्हणजे अँमीटर चुकून समांतर लागला तरी सहसा वाचतो.

तारेची व जोडतारांची टोके पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासावीत. काळवंडलेला सांधा दोन-तीन ओहमचा रोध सहज घुसवतो, आणि हाताचा धक्का लागला की तो बदलतो. काटा थरथरत असेल तर दोष बहुधा मीटरचा नसून सांध्याचा असतो. अँमीटर शून्यावर आणि व्होल्टमीटर जवळजवळ ३ व्होल्टवर दिसत असेल, तर व्होल्टमीटर एकसर जोडला गेला आहे. त्याचा स्वतःचा रोध फार मोठा असल्याने सगळे विभवांतर तोच घेतो.

वाचन. प्लग की काही सेकंदच लावावी, दोन्ही मीटर वाचावेत आणि लगेच काढावी. ती तशीच राहिली तर तार तापते, घट दमतात, आणि आधीची व नंतरची वाचने एकमेकांशी जुळत नाहीत. डोळा काट्याच्या बरोबर वर हवा; मोजपट्टीखाली आरसा असेल तर काटा व त्याचे प्रतिबिंब एकावर एक आले की वाचावे. १ ते २.५ व्होल्टच्या दरम्यान सहा वाचने पुरतात.

आलेख. उभ्या अक्षावर विभवांतर आणि आडव्या अक्षावर धारा घेतली की चढ म्हणजेच रोध. समजा तार नेमकी १० ओहमची आहे आणि अँमीटरचा काटा मुळातच १० मिलीअँपिअर पुढे आहे. १ व्होल्टला तो ०.११ अँपिअर दाखवेल, २.५ व्होल्टला ०.२६. भागाकाराने एकदा ९.१ ओहम येतात, एकदा ९.६; सरासरी काढूनही चूक जात नाही. आलेखात मात्र १.५ व्होल्टच्या फरकाला ०.१५ अँपिअरचा फरक, म्हणजे चढ बरोबर १० ओहम. रेषा आरंभबिंदूतून जात नाही आणि ती जिथून सरकली तेवढाच मीटरचा शून्य दोष. म्हणून रेषा बळजबरीने आरंभबिंदूतून ओढायला लावणे हे नुकसानच आहे: दोषाचा पुरावा पुसला जातो आणि उत्तरही बिघडते.

पुढचे प्रयोग. त्याच तारेच्या २५, ५०, ७५ व १०० सेंटीमीटर लांबीवर क्लिप लावून रोध लांबीच्या प्रमाणात वाढतो हे तपासता येते. २५ सेंटीमीटरला रोध अडीच ओहमच उरतो, तेव्हा रिओस्टॅट काढून टाकू नये. अँमीटरची मर्यादा ओलांडली जाईल. तारेऐवजी २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरचा विजेरीचा दिवा लावला की रेषा वाकते, कारण तापलेल्या टंगस्टनचा रोध थंड असतानाच्या कित्येक पट असतो. हा प्रयोग मूळ प्रयोगाला जोडूनच घ्यावा. नियमाला मर्यादा आहेत हे त्यावाचून पटत नाही.

लाल एलईडीमध्ये सुमारे पावणेदोन व्होल्टपर्यंत धारा जवळजवळ नसते आणि मग एकदम वाढते. तिच्यासाठी १०० ओहमचा रोध एकसर लावावा आणि ०–२५ मिलीअँपिअरचा मीटर घ्यावा. इथे २० ओहमचा रिओस्टॅट एकसर लावून काहीच साधत नाही. त्याची खालची दोन अग्रे घटांना जोडून सरकपट्टी व एका खालच्या अग्रामधून विभवांतर घ्यावे लागते. अशा जोडणीत रिओस्टॅटमधून १५० मिलीअँपिअर धारा सतत वाहत असते, म्हणून प्लग की वाचनापुरतीच लावावी.