पांडुरोग : लक्षणे व प्रकारभेद

पांडुरोग (रक्तक्षय) : रक्तातील हीमोग्लोबिन अपेक्षित मर्यादेखाली गेल्याने उद्भवणारी अवस्था. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ही मर्यादा दर १०० मिलि. रक्तात प्रौढ पुरुषांत १३ ग्रॅ. व गर्भवती नसलेल्या स्त्रियांत १२ ग्रॅ. आहे. थकवा, धाप व धडधड सर्वच प्रकारांत आढळतात. सावळ्या त्वचेवर फिकटपणा लवकर कळत नाही. तो खालच्या पापणीच्या आत, जिभेवर व तळहातावर पाहावा लागतो.

आयुर्वेदातील पांडुरोग आजच्या संज्ञेशी तंतोतंत जुळत नाही. चरकसंहितेत वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक (तिन्ही दोषांमुळे होणारा) व मृद्‌भक्षणजन्य (माती खाल्ल्याने होणारा) असे पाच प्रकार आहेत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात (हा भाग बहुधा मागाहून जोडलेला) चारच असून माती खाण्याचा वेगळा प्रकार नाही. हा मतभेद वाटतो तितका खोल नसावा. तुरट माती वात, खारी पित्त व गोड कफ वाढवते, असे चरकातच म्हटले असल्याने हा पाचवा प्रकार दोषांतच सामावू शकतो. माती खाणे हे कारण की लक्षण, हा प्रश्न मात्र उरतो. शरीरातील लोहाची कमतरता भरून निघाल्यावर माती खाण्याची ओढ बहुधा ओसरते, म्हणून तिला लोहन्यूनतेचे लक्षण मानणे अधिक सयुक्तिक. तथापि काही प्रकारची माती आतड्यात लोह बांधून ठेवते, तेव्हा चरकाचे मत अगदीच टाकाऊ नाही. भाजकी माती, पाटीवरच्या पेन्सिली किंवा बर्फ खाण्याची इच्छा गर्भारपणी ‘डोहाळे’ म्हणून सोडून दिली जाते. चमच्यासारखी खोलगट नखे व ओठांच्या कोपऱ्यांना चिरा ही लोहन्यूनतेची इतर चिन्हे.

बी-१२ व फॉलिक अम्ल या जीवनसत्त्वांच्या अभावी तांबड्या पेशी मोठ्या होतात, जीभ गुळगुळीत व लाल होते. पायांना मुंग्या येणे, अंधारात तोल जाणे ही लक्षणे बी-१२ च्या अभावाकडे बोट दाखवतात. फॉलिक अम्लाच्या अभावात ती सहसा नसतात. १९२८ पासून मुंबईत संशोधन करणाऱ्या ल्यूसी विल्स यांनी गर्भवती स्त्रियांतील अशा पांडुरोगावर यीस्टचा अर्क गुणकारी असल्याचे १९३१ मध्ये दाखवले. त्यातील गुणकारी घटक फॉलिक अम्ल असल्याचे पुढे स्पष्ट झाले.

पेशी अकाली फुटून होणाऱ्या प्रकारांत डोळे पिवळे होतात व प्लीहा (पाणथरी) वाढू शकते. विदर्भ व नंदुरबारकडील सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होणारा आनुवंशिक रोग) याच गटातला. तान्ह्या मुलाच्या हातापायांची बोटे दुखून सुजणे ही त्याची आरंभीची खूण असू शकते. पुढे हाडे व सांधे ठणकतात आणि पुष्कळदा संधिवात समजून उपचार होतात. हीमोग्लोबिनाच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन हे दुसरे ॲमिनो अम्ल (प्रथिनाचा घटक) येते. हा बदल भारतात स्वतंत्रपणे उद्‌भवला, असे जनुकीय खुणांवरून बरेच अभ्यासक मानतात. २०१८ मध्ये मात्र सु. ७,३०० वर्षांपूर्वीच्या एकाच उगमाचा पक्ष मांडला गेला. वाद अद्याप मिटलेला नाही.

अस्थिमज्जा (हाडांतील रक्तपेशी तयार करणारा मगज) निकामी झाल्यास फिकटपणासोबत त्वचेवर रक्ताचे ठिपके व वारंवार ताप येतो. लोह व बी-१२ दोन्ही कमी असल्यास पेशींचे सरासरी आकारमान सामान्य भासू शकते. अशा वेळी काचपट्टीवर रक्त तपासून लहान व मोठ्या पेशी एकत्र दिसतात का, हे पाहावे लागते.