घरगुती मीडिया सर्व्हर

घरातील चित्रपट, गाणी व छायाचित्रे एका संगणकावर साठवून ती घरच्या नेटवर्कवरून टीव्ही, मोबाइल वा टॅबलेटला पुरवणारी व्यवस्था. फाइल आधी उपकरणावर उतरवून घ्यावी लागत नाही. येईल तशी ती चालते.

उगमाविषयी दोन मते आढळतात. एक मत 1999 च्या सुमारास पुढे आलेल्या यूपीएनपी या नेटवर्क-नियमांच्या संचाकडे आणि 2003 मध्ये स्थापन झालेल्या डीएलएनए संघटनेकडे बोट दाखवते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांना नेटवर्कवर एकमेकांचा शोध घेता यावा, ही सोय त्यांनी केली. दुसरे मत हौशी प्रोग्रामरांना श्रेय देते. 2002 मध्ये सुरू झालेल्या माइथटीव्ही या टीव्ही रेकॉर्ड करणाऱ्या प्रोग्राममध्ये रेकॉर्डिंग सांभाळणारा भाग आणि पडद्यावर दाखवणारा भाग वेगळे होते व दोन यंत्रांवर चालू शकत. त्याच सुमारास एक्सबॉक्स या गेम-यंत्रासाठी निघालेला प्लेअर पुढे एक्सबीएमसी व 2014 पासून कोडी झाला. पण तो मूलतः प्लेअर, सर्व्हर नव्हे. त्याच्या मॅक आवृत्तीतून साधारण 2008 मध्ये प्लेक्स हा मीडिया सर्व्हर आकाराला आला. एम्बी या दुसऱ्या सर्व्हरने 2018 मध्ये आपला सोर्स कोड इतरांसाठी बंद केल्यावर त्याच्या आधीच्या खुल्या कोडमधून डिसेंबरमध्ये जेलीफिन निघाला. पोस्टरांसह सूची, प्रत्येकाने कुठवर पाहिले याची नोंद ही आजच्या सर्व्हरची ओळख पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. डीएलएनए संघटना 2017 मध्ये विसर्जित झाली, तरी अनेक टीव्हींत ती पद्धत अजून चालते.

सर्व्हरचा खर्च मुख्यतः ट्रान्सकोडिंगवर, म्हणजे व्हिडिओ एका रूपातून दुसऱ्या रूपात बदलण्यावर ठरतो. टीव्हीला फाइलचा कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) समजत असेल, तर सर्व्हरला ती फक्त पाठवायची असते. त्याला जुना लॅपटॉपही पुरतो. समजत नसेल, तर व्हिडिओ चालू असतानाच तो नव्या रूपात घडवावा लागतो. सबटायटल निवडण्यानेही हे घडू शकते. एसआरटी प्रकारची सबटायटल म्हणजे साधा मजकूर, तो वेगळा पाठवता येतो. ब्ल्यू-रे डिस्कवरचे पीजीएस सबटायटल मात्र चित्ररूप असते. ब्राउझरवर ते लावले, की अनेकदा प्रत्येक फ्रेमवर ते छापून व्हिडिओ पुन्हा एन्कोड होतो आणि दुबळा प्रोसेसर तिथेच अडखळतो.

यावर स्वस्त उपाय म्हणजे इंटेलचे क्विक सिंक, म्हणजे प्रोसेसरातच बसवलेली ट्रान्सकोडिंगची खास सोय. ते 2011 पासून अनेक प्रोसेसरांत आहे. 10 बिट एचईव्हीसी या कोडेकसाठी कोअर मालिकेची सातवी पिढी किंवा पुढची घ्यावी. म्हणूनच कार्यालयांतून बाद झालेले छोटे डेस्कटॉप या कामाला उत्तम ठरतात. रास्पबेरी पाय 5 या छोट्या संगणकात व्हिडिओ नव्या रूपात घडवणारा हार्डवेअर एन्कोडर नाही. फाइल जशीच्या तशी पाठवायची असेल तरच तो घ्यावा. जेलीफिनमध्ये हार्डवेअर ट्रान्सकोडिंग विनामूल्य आहे, प्लेक्समध्ये त्यासाठी सशुल्क सदस्यत्व लागते.

सर्व्हर शक्यतो केबलने राउटरला जोडावा. घराबाहेरून पाहण्यासाठी राउटरचे पोर्ट उघडे टाकण्यापेक्षा व्हीपीएन (घरच्या नेटवर्कशी जोडणारा कूटबद्ध मार्ग) सुरक्षित.