दातांत हवं, रक्तवाहिनीत नको

बाबांच्या अँजिओग्राफीच्या रिपोर्टात एक ओळ होती : उजव्या कोरोनरीत, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या उजव्या वाहिनीत, 100 टक्के ऑक्लूजन. तो शब्द त्यांच्या डोक्यात पक्का बसला. काही महिन्यांनी दाढ भरून घेताना दातांचे डॉक्टर सहज म्हणाले, ‘‘ऑक्लूजन छान आलंय,’’ आणि बाबा खुर्चीतच ताठ झाले.

मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘बंद करणं’ एवढाच. बंद काय होतंय, त्यावर पेढे वाटायचे की अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची ते ठरतं.

हृदयाची वाहिनी गुठळीनं अचानक बंद झाली, तर तो हार्ट अटॅक. तीच वर्षानुवर्षं हळूहळू बुजत गेली, तर शेजारच्या वाहिन्यांचे बारीक फाटे रुंदावतात आणि आडवाटेनं थोडंफार रक्त पोचवत राहतात. वाहिनी तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ पूर्ण बंद असेल, तर तिला ‘क्रॉनिक टोटल ऑक्लूजन’ म्हणतात. असा माणूस भाजी आणायला जातो, जिना चढताना तेवढा थांबतो. बाबांचं तेच होतं.

दंतवैद्यकात मात्र तोंड मिटल्यावर वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे टेकतात, ते ऑक्लूजन. दाढ भरल्यावर डॉक्टर निळ्या कागदाची पातळ पट्टी दातांत धरायला देतात आणि म्हणतात, ‘‘टकटक करा.’’ भरलेला भाग जरासा उंच राहिला असेल, तर तिथे गडद ठिपका उमटतो. तेवढंच घासायचं. ते राहून गेलं, तर घास चावताना पहिला दणका त्याच दाढेला बसतो आणि ती ठणकू लागते.

डोळ्यांच्या दवाखान्यात तर हा उपचारच आहे. लहान मुलाचा एक डोळा आळशी झाला असेल, तर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावतात, म्हणजे मेंदूला दुसऱ्याकडून काम करून घ्यावंच लागतं. चांगला डोळा झाकायचा, हे आजीला पटवणं हे डॉक्टरांचं खरं कसब.

हवामानशास्त्रात हा शब्द आणला नॉर्वेतल्या बर्गेनच्या मंडळींनी. थंड हवेची आघाडी, म्हणजे सरकत्या हवेची पुढची कड, उबदार हवेच्या आघाडीपेक्षा वेगानं सरकते, तिला गाठते आणि मधली उबदार हवा जमिनीवरून वर उचलली जाते, ते ऑक्लूजन. 1919 मध्ये टॉर बर्गेरॉन या तरुणानं हे ओळखलं. आपल्या पावसाळी कमी दाबाच्या पट्ट्यांत असल्या आघाड्या नसतात, त्यामुळे मराठी बातम्यांत हा शब्द कानावर पडत नाही.

मला सगळ्यांत आवडतो तो उच्चारशास्त्रातला अर्थ. प, त, क म्हणताना तोंडात कुठेतरी हवेची वाट क्षणभर पूर्ण बंद होते. युरोपीय अभ्यासकांनी तिथे अडवणूक पाहिली. आपल्या व्याकरणकारांनी त्याच घटनेला ‘स्पर्श’ म्हटलं. ‘म’सुद्धा स्पर्शच. ओठ मिटतात, पण हवा नाकातून निसटते. सर्दीनं तीही वाट बुजली, की ‘म’चा ‘ब’ होतो. नाक चोंदलेलं पोर ‘मामा’ म्हणून हाक मारतं आणि ऐकू येतं ‘बाबा’.