गच्चीवरची चौकट आणि १८.२ किलोहर्ट्झ

सूर्यावरच्या ज्वाला टिपणारी चौकटीची अँटेना सोलापुरात घराच्या गच्चीवर उभारता येते. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणम इथे नौदलाचे आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र आहे. पाण्याखालच्या पाणबुड्यांना संदेश देण्यासाठी तिथून १८.२ किलोहर्ट्झवर प्रक्षेपण होते. सोलापूरपासून हे अंतर सरळ रेषेत साधारण १,०५० किमी. संदेश सांकेतिक असतो, तो उलगडण्याच्या फंदात पडायचे नाही. मोजायची ती लहरीची तीव्रता. आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याचा) ६० ते ९० किमी उंचीवरचा डी थर दिवसा या लहरींना परतवतो. सूर्यावर ज्वाला भडकली की क्ष-किरणांनी तोच थर काही मिनिटांत बदलतो, आणि तो बदल गच्चीवरच्या अँटेनात उमटतो.

या वारंवारतेची तरंगलांबी जवळजवळ साडेसोळा किमी. पाव तरंगलांबीची तार ताणायची म्हटले तरी चार किमी लागेल. तिची गरज नाही. या पट्ट्यात जगभरच्या विजांचा खडखडाट इतका असतो की अँटेना मोठी केली तर स्टेशनच्या संकेताबरोबर (सिग्नलबरोबर) तोही वाढतो. एक मीटर बाजूच्या, ५० वेढ्यांच्या चौकटीची परिणामकारक उंची (ती जितक्या उंचीच्या सरळ तारेइतका संकेत पकडते ती उंची) जेमतेम १९ मिमी भरते, आणि तेवढी पुरते.

चौकटीसाठी १.४५ मीटरच्या दोन लाकडी पट्ट्या फुलीसारख्या जोडाव्यात आणि टोकांना खाचा पाडाव्यात. वायरिंगचा पीव्हीसी पाइप नको, मे महिन्याच्या उन्हात तो वाकतो. बंद लोखंडी चौकट तर नकोच, तिचाच एक शॉर्ट झालेला वेढा होतो आणि ती संकेत गिळते. तार २६ गेजची, सुमारे २०० मीटर. तिचे वजन ३०० ग्रॅमच्या आसपास भरते. सोलापूरच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे यंत्रमागाच्या मोटारी रिवायंडिंग करणाऱ्या दुकानांत ही इनॅमल तार वजनावर मिळते. सगळे वेढे एकाच दिशेने गुंडाळावेत आणि तारेला कुठेही पीळ पडू देऊ नये.

मल्टिमीटरवर २० अंश सेल्सिअसला तारेचे सुमारे २१ ओहम दिसले पाहिजेत. दुपारच्या उन्हात २३ दिसले तर घाबरू नये, तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतोच. खरी अडचण वेगळी आहे: इनॅमल सोलून दोन शेजारचे वेढे चिकटले, तर ५० पैकी एकच वेढा कमी होतो. ओहम दोन टक्क्यांनी घटतात आणि ते मल्टिमीटरवर कळत नाही, पण अनुनाद (वेटोळे आणि त्याला जोडलेला कपॅसिटर मिळून एकाच वारंवारतेला देतात तो जोरदार प्रतिसाद) मात्र पार बोथट होतो. कपॅसिटर बदलून पाहिला तरी शिखर टोकदार येत नसेल, तर तार उलगडणे हाच उपाय.

या वेटोळ्याचे इंडक्टन्स ९ मिलीहेन्रीच्या आसपास येते. १८.२ वर जुळवायला ८.५ नॅनोफॅरडचा कपॅसिटर लागतो. पण वेढ्यांची स्वतःची धारिताही (कपॅसिटन्सही) त्यात धरली जाते, म्हणून ६.८ नॅनोफॅरडने सुरुवात करून समांतर १००, २२०, ४७० पिकोफॅरड जोडत शिखर शोधावे. स्वस्त सिरॅमिक डिस्क वापरू नयेत. पोरगी शाळेत जाताना जुळवलेली अँटेना दुपारी भलतीकडे सरकते ती यांच्यामुळेच. वेटोळ्याचा क्यू, म्हणजे अनुनादाच्या टोकदारपणाचे माप, ५० च्या घरात, म्हणजे पट्टा जेमतेम ३६० हर्ट्झ रुंद. धारिता २ टक्के बदलली की वारंवारता १८० हर्ट्झने सरकते आणि संकेत शिखरावरून घसरतो. पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटरच घ्यावेत.

त्याच कारणाने ॲम्प्लिफायर चौकटीच्या बुडाशीच हवा. कोअॅक्स केबलची धारिता मीटरला १०० पिकोफॅरड धरली तर खालच्या खोलीपर्यंतची दहा मीटर केबल थेट वेटोळ्याला जोडल्यावर अँटेना १७.२ च्या आसपास जाऊन बसते. टीएल०७२ ही दोन ॲम्प्लिफायरची आयसी चांगली: तिच्या दोन्ही अर्ध्यांना प्रत्येकी ११ पट वाढ द्यावी (१० किलोओहम आणि १ किलोओहमचे रोधक), म्हणजे एकूण १२१. इनपुटला १एन४१४८ चे दोन डायोड उलटसुलट जोडावेत. वीज दोन ९ व्होल्ट बॅटऱ्यांवरूनच घ्यावी. पुढे लॅपटॉपला जोडलेले यूएसबी साउंड कार्ड नमुने घेण्यासाठी ४८ किलोहर्ट्झवर ठेवावे. ४४.१ वर नमुने घेतले तर मर्यादा त्याच्या निम्मी, २२.०५ येते, आणि जपानचे २२.२ किलोहर्ट्झचे स्टेशन दुमडून २१.९ ला भुतासारखे दिसू शकते.

चौकट उभी ठेवून तिचे पाते, म्हणजे वेढ्यांची सपाट पातळी, उत्तर-दक्षिण रेषेत करावे. विजयनारायणम सोलापूरच्या दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे, साधारण १६९ अंशांवर आहे. पाते काटकोनात फिरवले की संकेत जवळजवळ मरतो. तो खरंच स्टेशनचा आहे की घरातल्या चार्जरचा, याची ही सर्वांत सोपी परीक्षा. ऑस्ट्रेलियाचे १९.८ चे स्टेशन बरोबर आग्नेयेला, १३५ अंशांवर आहे, पण जुळवलेल्या चौकटीत ते फिके दिसेल. दोन्ही हवी असतील तर कपॅसिटर वगळून चालवावे.

सोलापुरात खरी डोकेदुखी गोंगाटाची. एलईडी बल्ब, मोबाइल चार्जर, मोटारींचे वेगनियंत्रक हे सगळे या पट्ट्यात बडबडतात, आणि यंत्रमागाच्या शेडशेजारी तर संकेत गुदमरतोच. लाइट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर ठेवून एकदा आलेख पाहावा: गल्लीतला गोंगाट बंद झालेला असतो आणि स्टेशन स्वच्छ उभे राहते. (शेजाऱ्यांचे इन्व्हर्टर सुरू होण्याआधी घाई करा.) फरक मोठा निघाला तर चौकट गच्चीच्या दुसऱ्या टोकाला न्यावी. दहा मीटर दूर नेल्याने जे साधते ते आणखी ५० वेढ्यांनी साधत नाही.

वळवाचे ढग जमले की केबल काढून ठेवावी. डायोड इनपुट वाचवतात, थेट पडलेल्या विजेपुढे ते काहीच नाहीत. आकाश निरभ्र असताना सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळी आलेखात खळगे दिसले पाहिजेत. ते दिसेपर्यंत ज्वालेची वाट पाहू नये. ज्वालेचा ठसा दिवसाच उमटतो: काही मिनिटांत चढ किंवा उतार, मग अर्ध्या-एक तासात सावकाश पूर्वपदावर. त्या वेळेला अमेरिकेच्या नोआ या हवामान संस्थेच्या गोज उपग्रहांच्या क्ष-किरण आलेखावर टेकडी आहे का ते पाहावे; तिथली वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, तिच्यात साडेपाच तास मिळवावेत. तीव्रता एकदम सपाट तळाला गेली असेल, तर सूर्याचा संबंध नाही, स्टेशनच बंद झाले आहे.