शुगरच्या गोळीतला डिंक: पार्श्वभूमी

पाकिटावर ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ (म्हणजे औषध सावकाश सोडणारी) असं छापलेली शुगरची गोळी मोठी असते, गिळवत नाही. म्हणून विदर्भातल्या खेड्यापाड्यांत ती मोडून किंवा चावून खाणारे अनेक आहेत. असं का करू नये, हे डिंकावरून नीट समजतं.

या गोळीतलं औषध, मेटफॉर्मिन, १९२२ मध्येच तयार झालं होतं. मधुमेहाच्या रुग्णांवरचा त्याचा उपयोग मात्र फ्रान्सचे डॉक्टर झाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये मांडला. औषध गुणाचं, पण रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण सहा तासांत निम्म्यावर येतं. म्हणून गोळी दिवसातून दोन-तीनदा घ्यावी लागे, आणि पोटात एकदम सुटली की मळमळ, जुलाब. सकाळीच वावरात गेलेल्या माणसाची दुपारची गोळी राहूनच जाते. सावकाश सुटणारी गोळी अमेरिकेत २००० साली मंजूर झाली.

डिंक औषधात नवा नाही. गोळी बांधायला तो पूर्वापार वापरतात. औषध रोखून धरायचं काम त्याच्याकडे नंतर आलं. मेळघाटातल्या कुल्लूच्या झाडाच्या डिंकाचा खडा रात्री पाण्यात टाका. सकाळी तो विरघळलेला नसतो, फुगून लिबलिबीत झालेला असतो. डिंकाची भुकटी मिसळून दाबलेल्या गोळीचा बाहेरचा थर पोटात असाच फुगतो आणि औषध त्यातून झिरपत राहतं. गोळी चावली की ही आडकाठीच मोडते आणि दिवसभराचं औषध भराभर सुटतं.

गवार, कुल्लू, धावडा, चिंचोके या सगळ्यांवर फार्मसी कॉलेजांत प्रयोग झाले आहेत. तरी बाजारातल्या गोळ्यांत डिंकाऐवजी बहुतेक वेळा एचपीएमसी हा डिंकासारखाच फुगणारा, कारखान्यात बनवलेला पदार्थ असतो. तोही लाकडाच्या लगद्यापासून किंवा सरकीवरच्या लवेपासूनच बनतो. मेटफॉर्मिन पाण्यात चटकन विरघळतं आणि एका गोळीत ते ५०० मिलिग्रॅम किंवा जास्त लागतं. त्याला धरून ठेवायला डिंकही भरपूर हवा, त्यामुळे गोळी आणखी मोठी होते. शिवाय जंगलातला डिंक झाडागणिक, हंगामागणिक बदलतो. एका पोत्यातला घट्ट, दुसऱ्यातला पातळ. साल, माती, जंतू वेगळेच. औषधाला असा फरक चालत नाही.

माझ्या मते खरी अडचण जंगलातच सुरू होते. कुऱ्हाडीचे खोल घाव घातले की त्या हंगामात डिंक जास्त येतो, पण कुल्लूचं झाड वाळतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंवर, गावाचा हक्क मान्य केला आणि डिंक त्यातच येतो. उथळ चीर देणं, झाडाला विश्रांती देणं, डिंक निवडून स्वच्छ वाळवणं, प्रत्येक खेपेचा घट्टपणा मोजणं ही कामं गावपातळीवर उभी राहिली, तरच हा डिंक औषध कारखान्याच्या दारात उभा राहू शकेल.