पार्श्वभूमी : गॅरी कूपरवर लोक अजूनही जीव का टाकतात

हॉलिवूडचा नट गॅरी कूपर याला जाऊन सहा दशके उलटली. तरी जुन्या वेस्टर्नपटांच्या, म्हणजे काऊबॉयपटांच्या, चाहत्यांमध्ये त्याचे नाव निघाले की गप्पा लांबतात आणि हटकून १९५१ सालावर येऊन अडतात. त्या वर्षी तो नीट वागला की कच खाल्ली, यावर आजही दोन तट आहेत.

त्याआधीचे थोडक्यात. जन्म १९०१ चा, मोंटाना राज्यातला. आईवडील इंग्लंडहून आलेले. पोरवयात मोटार अपघातात कंबरेला मार बसला आणि डॉक्टरांनी उपाय म्हणून घोडेस्वारी सांगितली. खोगिरावरची त्याची ती किंचित कललेली बैठक तेव्हापासूनची. व्हायचे होते व्यंगचित्रकार; लॉस एंजेलिसला आल्यावर काम मिळाले ते मूकपटांत घोड्यावरून पडण्याचे. बोलपट आले आणि १९२९ च्या ‘द व्हर्जिनियन’मधला त्याचा मोजके बोलणारा काऊबॉय लोकांच्या मनात बसला. १९४१ च्या ‘सार्जंट यॉर्क’साठी पहिले ऑस्कर मिळाले.

आता वादाचा भाग. कूपर उजव्या विचारांचा होता, हे त्याच्या चाहत्यांनी लपवू नये. हॉलिवूडमधल्या कम्युनिस्टविरोधी संघटनेचा तो सभासद होता. ऑक्टोबर १९४७ मध्ये कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी संसदीय चौकशी समितीपुढे तो स्वखुशीने साक्षीला गेला. कम्युनिस्ट वास येणाऱ्या काही पटकथा आपण नाकारल्या, असे त्याने सांगितले. कोणत्या, ते मात्र त्याला सांगता आले नाही. त्याने एकाही माणसाचे नाव घेतले नाही. त्या काळात नाव घेतले की समोरच्याची रोजीरोटी जात असे, म्हणून मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

चार वर्षांनी, १९५१ मध्ये, कूपर नायक असलेल्या ‘हाय नून’ या वेस्टर्नपटाचे काम चालू असताना त्याच समितीचे समन्स चित्रपटाच्या पटकथालेखकाला आले. हा लेखक काही वर्षे कम्युनिस्ट पक्षात होता आणि नंतर बाहेर पडला होता. इतरांची नावे सांगायला त्याने नकार दिला. व्यवसायातल्या भागीदारालाच तो आता नकोसा झाला. मित्र रस्ता बदलून जाऊ लागले. दुपारच्या गाडीने गुंड येणार आणि एकेक गावकरी मार्शलकडे, म्हणजे गावच्या पोलीस अधिकाऱ्याकडे, पाठ फिरवणार, ही गोष्ट त्याने लिहायला घेतली होतीच. आता ती त्याच्याच वाट्याला आली. त्याला चित्रपटातून काढण्याच्या हालचालींना विरोध करणाऱ्यांत दिग्दर्शक होता, पैसे घालणारा लेट्यूसचा एक बागाइतदार होता आणि कूपरही होता. पटकथेवर लेखकाचे नाव राहिले, सहनिर्मात्याचे श्रेय मात्र गेले.

कूपर एवढ्यावर थांबला नाही. लेखकाच्या नव्या कंपनीत आपण पैसे घालणार, असे त्याने जाहीर केले. मग दबाव सुरू झाला. वेस्टर्नपटांचा दुसरा मोठा नट जॉन वेन आणि एक वजनदार गॉसिप-स्तंभलेखिका त्यात पुढे होती. काही दिवसांत कूपरने अंग काढून घेतले.

टीकाकार इथेच बोट ठेवतात : पडद्यावरचा मार्शल एकटा उभा राहिला, खरा कूपर पळाला. मला हा निवाडा पटत नाही. स्टुडिओशी केलेल्या करारांत त्या काळी नैतिक वर्तनाचे कलम असे; त्यावर बोट ठेवून कोणाही नटाचे काम थांबवता येई. शिवाय कूपर पन्नाशीला आलेला, अल्सर आणि पाठदुखीने बेजार. ‘हाय नून’मधला त्याचा ओढलेला चेहरा पाहा, त्यात अभिनयाइतकेच आजारपणही आहे. मोठ्या नावांपैकी मदतीचा प्रयत्न करणारा हा एकच, असे त्या लेखकानेच पुढे सांगितले. ज्याला झळ बसली त्याचा शब्द मी टीकाकारांच्या वर ठेवतो. लेखक इंग्लंडला गेला आणि ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ हा चित्रपट त्याला नाव न लावता लिहावा लागला.

‘हाय नून’साठी कूपरला दुसरे ऑस्कर मिळाले तेव्हा तो समारंभाला नव्हता. त्याच्या वतीने ते घेतले जॉन वेनने. याच वेनने १९७१ च्या एका मुलाखतीत ‘हाय नून’ला अमेरिकाविरोधी ठरवले. १९५९ चा ‘रिओ ब्राव्हो’ तर त्याने आणि त्याच्या दिग्दर्शकाने ‘हाय नून’ला उत्तर म्हणूनच काढला होता.

कूपर १३ मे १९६१ ला कर्करोगाने गेला, साठी नुकती पूर्ण झाली होती. पण त्याच्या चाहत्यांना आज सर्वांत अभिमान वाटतो तो त्यानंतर २८ वर्षांनी घडलेल्या गोष्टीचा. ४ जून १९८९ च्या पोलंडमधल्या निवडणुकीसाठी वॉर्साच्या एका कलाविद्यार्थ्याने पोस्टर केले : ‘हाय नून’मधला चालत येणारा कूपर, छातीवर सॉलिडॅरिटी या कम्युनिस्ट राजवटीला विरोध करणाऱ्या कामगार संघटनेचा बिल्ला, हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका. कम्युनिस्ट राजवटीतल्या त्या मतदानात सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, १०० पैकी ९९ जागा सॉलिडॅरिटीने जिंकल्या. एकेकाळी कम्युनिस्ट पक्षात असलेल्या माणसाने लिहिलेला आणि कम्युनिस्टविरोधी नटाने उभा केलेला हा मार्शल. त्याला दोन्ही बाजूंनी आपला म्हणावे, यात मला काहीच विसंगत वाटत नाही.