इराणची ताकद मोजायची तर आधी शहाच्या काळात जावं लागतं

इराणचा विषय निघाला की कुणीतरी रँकिंगची यादी आणून टाकतंच, इतकी विमानं, इतके रणगाडे, इतकं सैन्य, आणि मग त्याच्यावरच हाणामारी सुरू. मला त्या यादीत एकाच नावाचं नवल वाटतं, एफ-१४ टॉमकॅट, अमेरिकन बनावटीचं लढाऊ विमान. अमेरिकन नौदलाने हे विमान २००६ मध्येच रिटायर केलं, आणि अमेरिकेला सैतान म्हणणारा देश मात्र ते उडवत राहिला.

सगळं सुरू झालं शहापासून, म्हणजे इराणच्या तेव्हाच्या राजापासून. मे १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन तेहरानला गेले आणि अण्वस्त्रं सोडून काय हवं ते घ्या, असं जवळपास सांगूनच आले. पुढच्या वर्षी तेलाचे भाव भडकले, म्हणजे परवानगीही मिळाली आणि पैसाही आला. शहाने ८० टॉमकॅट मागवली, ७९ पोचली, १९७९ ला क्रांती झाली, शहा जाऊन आयातुल्ला खोमेनींची सत्ता आली आणि उरलेलं एक अमेरिकेतच राहिलं. शहाने मागवलेल्या चार डिस्ट्रॉयर युद्धनौकांचं पण तेच, ती शेवटी अमेरिकेने स्वतःच्याच नौदलात घेतली आणि लोक त्यांना गमतीने 'आयातुल्ला क्लास' म्हणायला लागले. (पुढे ती चारही तैवानला गेली, जहाजांचं पण नशीब असतं बघा.)

मग सप्टेंबर १९८० ला इराकच्या सद्दामने हल्ला केला. विमानं अमेरिकन, स्पेअर अमेरिकन, आणि वकिलातीतले अमेरिकन लोक ह्यांनीच ओलीस धरलेले, मग स्पेअर कोण देणार? चोरीछुपे थोडंफार मिळायचं, बाकी एकाचं काढून दुसऱ्याला लावायचं, आपल्याकडे गॅरेजच्या मागे एक मेलेली अ‍ॅम्बॅसिडर उभी असायची ना लागेल तसा पार्ट काढायला, तसंच. अमेरिकेने हे इतकं मनावर घेतलं की २००७ पासून स्वतःची रिटायर टॉमकॅट मशीनमध्ये घालून त्यांचा अक्षरशः चुरा केला, एखादा पार्ट हातोहात फिरत तेहरानला जायला नको म्हणून.

पण खरा घाव १९८८ चा. इराकची मिसाईल थेट तेहरानवर पडत होती, लोक शहर सोडून पळत होते, आणि इराणकडे उत्तर द्यायला काय, तर लिबिया आणि उत्तर कोरियाकडून आणलेली मोजकी स्कड, म्हणजे जुन्या सोव्हिएत डिझाईनची मिसाईल. नवीन विमानं कुणी देणार नाही हे तर कळलेलंच होतं, मग मिसाईल तरी स्वतः बनवू असं ठरलं. शहाब-१ आणि २ म्हणजे स्कडच, शहाब-३ उत्तर कोरियाच्या नोडाँग मिसाईलवरून. हे काम उभं करणारे हसन तेहरानी मोघद्दम २०११ मध्ये तळावरच्या स्फोटातच गेले.

समुद्रात पण धडा त्याच वर्षी मिळाला. एप्रिलमध्ये एका अमेरिकन युद्धनौकेला इराणी सुरुंगाने भगदाड पाडलं, सुरुंगाचं डिझाईन १९०८ चं, रशियातल्या झारच्या जमान्यातलं! चार दिवसांनी अमेरिकेने बदला घेतला, सहंद नावाची इराणी युद्धनौका बुडवली, दुसरी निकामी केली. मोठी जहाजं घेऊन समोर जायचं नाही हे तेव्हा डोक्यात पक्कं बसलं, म्हणून आज होर्मुझच्या सामुद्रधुनीत छोट्या वेगवान बोटी आणि सुरुंगांवर त्यांचा एवढा भर.

पैशाचं बघितलं तर सिप्री या जगभरच्या लष्करी खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या स्वीडनमधल्या संस्थेच्या अंदाजाने २०२३ मध्ये इराणचा लष्करी खर्च साधारण १० अब्ज डॉलर, सौदीचा ७५ च्या आसपास. त्यामुळे स्वस्तातले ड्रोन आणि मिसाईल ही त्यांची हौस नाही, नाइलाज आहे. आणि तो उपाय रामबाण पण नाही, एप्रिल २०२४ मध्ये इस्रायलवर ३०० च्या वर ड्रोन आणि मिसाईल सोडली, बहुतेक सगळी वाटेतच पाडली गेली. जून २०२५ च्या बारा दिवसांच्या इस्रायल-इराण युद्धात काही मिसाईल इस्रायली शहरांवर पडली खरी, पण इराणच्या आकाशात इस्रायली विमानं फिरत होती आणि त्यांना अडवायला वर कुणी नव्हतं. त्याच दिवसांत इस्रायलने एक व्हिडिओ टाकला, तेहरानच्या विमानतळावर उभी असलेली टॉमकॅट, आणि वरून पडणारा बॉम्ब.